गॅस दोनदा भरला, तरी खोली गार होईना: एका स्प्लिट एसीचं प्रकरण

मशीन साधंच होतं. दीड टनाचा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणार नाहीतर बंद होणार. गॅस आर-३२. वय सहा-सात वर्षं. तक्रार अशी की लावल्यावर पाऊण-एक तास झकास गार हवा येते, मग हवेचा जोर कमी कमी होत जातो, मध्यरात्री खोली कोंदट होते आणि पहाटे एसी बंद केला की इनडोअर युनिटच्या खालच्या कडेवरून भिंतीवर पाणी टपकतं. दुपारपर्यंत बंद ठेवला की संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखा चालतो.

‘कूलिंग होत नाही’ एवढंच कानावर आलं असतं तर त्यातून काही हाती लागलं नसतं. कॉम्प्रेसर गेला तरी लोक तेच म्हणतात, बाहेरचा पंखा अडकला तरी तेच. पण या वर्णनात वेळ होती, क्रम होता. आधी गार, मग हवा कमी, मग गरम, शेवटी पाणी. जो बिघाड चालू असताना वाढतो आणि बंद ठेवल्यावर आपोआप बरा होतो, तो बहुधा बर्फाचा असतो. त्यामुळे कव्हर उघडायच्या आधीच इनडोअर युनिटच्या कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरत असणार हे जवळपास ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की तो का धरतो.

माझ्याकडे काम येण्याआधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. पहिल्याने बाहेरच्या युनिटला दाब मोजायचा गेज लावला, काटा ७० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) होता. “काकू, गॅस कमी झालाय,” घरच्या मालकीणबाईंना म्हणाला आणि भरून गेला. पुढचे काही दिवस एसी खरोखर चांगला चालला. मग पुन्हा रात्री हवा बसायला लागली. दुसऱ्यानेही गेज लावला, थोडा गॅस भरला आणि जाताना सांगून गेला, की आता परत असंच झालं तर कॉम्प्रेसर दमलाय असं समजा, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवीन मशीन घ्या.

पहिल्या मेकॅनिकने वाचलेला आकडा खोटा नव्हता. आर-३२ साठी ७० पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये गॅस साधारण उणे १० अंशांना उकळतोय. चांगल्या चालत्या मशीनमध्ये तो ५ अंशांच्या आसपास उकळायला हवा, म्हणजे काटा १२५च्या जवळपास. दाब पडलेला होता हे खरं. पण दाब पडायला दोन कारणं असू शकतात आणि गेज त्यातलं कोणतं ते सांगत नाही. कॉइलमध्ये गॅसच कमी असेल तर दाब पडतो. गॅस पुरेसा आहे, पण त्याला उकळायला लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून पोचत नाही, तरीही दाब पडतो. बर्फाने मढलेल्या कॉइलवर लावलेला गेज कमीच दाखवणार. मशीनमध्ये गॅस ओसंडून वाहत असला तरी. कॉइल कोरडी आणि बर्फमुक्त आहे याची खात्री केल्याशिवाय घेतलेल्या दाबाला मी तरी काही किंमत देत नाही.

घरगुती स्प्लिटमध्ये आणखी एक अडचण असते. गेज लावायला जागा बहुतेक एकच, जाड पाइपच्या व्हॉल्व्हवर. दाब कमी करणारी कॅपिलरी बाहेरच्या युनिटमध्येच असते, त्यामुळे घरात जाणारे दोन्ही पाइप कमी दाबाचे. जास्त दाबाची बाजू दिसतच नाही. अर्धंच चित्र दिसत असताना निर्णय घ्यायची सवय या धंद्यात लागते आणि त्या अर्ध्या चित्राचं उत्तर नेहमी ‘गॅस’ असतं. एसी बंद ठेवून दाब पाहणारेही भेटतात. बंद मशीनमध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-३२ चा दाब ३०० पीएसआयच्या आसपास येतो, मग आत पाव किलो असो की एक किलो.

गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला. गळती असेल तर फ्लेअर नटच्या, म्हणजे पाइप युनिटला जोडणाऱ्या नटच्या, जोडापाशी तेलाचा ओशट डाग दिसायला हवा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं. इथे चारही नट कोरडे होते, साबणाच्या पाण्याने एक बुडबुडा आला नाही. यावरून गळती नाहीच असं ठामपणे म्हणता येत नाही, पण दोनदा गॅस भरण्याइतकी मोठी गळती असती तर ती लपली नसती.

मग मशीन रात्रभर बंद ठेवून, कॉइल कोरडी आहे हे टॉर्चने पाहून, एसी पंख्याच्या सर्वांत जास्त वेगावर चालू केला. पंधरा मिनिटांनी दोन ठिकाणी थर्मामीटर धरला: वरच्या जाळीपाशी, जिथून खोलीची हवा आत जाते, आणि खालच्या तोंडाशी, जिथून गार हवा बाहेर येते. आत जाणारी २८ अंश, बाहेर येणारी १० अंश. फरक १८.

घरातल्यांना हा आकडा पाहून आनंद झाला. दहा अंशांची हवा म्हणजे एसी ठणठणीत, असं कुणालाही वाटेल. मला मात्र इथेच उत्तर सापडलं. या प्रकारच्या एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो; हवेत दमटपणा जास्त असेल तर आणखी कमी, कारण बरीचशी ताकद बाष्पाचं पाणी करण्यात जाते. गॅस कमी असता तर फरक ५-६ अंशांवर आला असता. १८ अंश याचा अर्थ हवा कॉइलवर रेंगाळतेय, थोडीच हवा जातेय आणि ती थोडी हवा गरजेपेक्षा जास्त गार होऊन बाहेर पडतेय.

तोंडाशी वाऱ्याचा वेग मोजला, तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणला. तासाला जेमतेम ४०० घनमीटर हवा. दीड टनाच्या मशीनला याच्या दुप्पट तरी लागते. हिशोब सोपा आहे: एक घनमीटर हवा एक अंशाने गार करायला सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ४०० घनमीटर आणि १८ अंश, म्हणजे खोलीतून निघणारी उष्णता २.४ किलोवॅट. दीड टन म्हणजे कागदावर ५.३ किलोवॅट, त्यातला काही भाग बाष्पासाठी जातो हे धरूनही २.४ फारच कमी. हात धरला तर हवा बोचरी गार आणि खोली मात्र गार होत नाही, यातला विरोधाभास तेवढाच. शिवाय ही स्थिती बर्फ धरण्याआधीची होती.

पाइपांनीही तेच सांगितलं. गॅस कमी असतो तेव्हा बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसतो आणि जाड पाइप कोमट राहतो. कॉइलही सगळी गोठत नाही, जिथून गॅस आत शिरतो तेवढाच भाग पांढरा होतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते. इथे जाड पाइप बर्फासारखा गार होता, थेट कॉम्प्रेसरपर्यंत घाम सुटलेला. पंखा सर्वांत हळू वेगावर केला तेव्हा दाब १०५ पीएसआयवर आला, म्हणजे शून्य अंशाच्या काठावर, आणि अर्ध्या तासात कॉइलवर वरपासून खालपर्यंत एकसारखं पांढरं पापुद्र्यासारखं बर्फ दिसू लागलं. एकदा तो पापुद्रा धरला की हवेची वाट आणखी अरुंद होते, उष्णता आणखी कमी पोचते, दाब आणखी पडतो. रात्री घरात आवाज नको म्हणून पंखा नेहमी याच हळू वेगावर असायचा. दिवसा चालतो, रात्री बसतो, त्याचं कारण हे.

हवा कमी का? पहिला संशय फिल्टरच्या जाळीवर जातो, आणि इथेच आधीचे दोघे फसले असावेत. जाळी लख्ख होती. काकू ती दर पंधरा दिवसांनी धुतात. समोरून पाहिलं तर कॉइलचे फिनही बऱ्यापैकी स्वच्छ. दरवर्षी सर्व्हिसिंग होत होतं, म्हणजे समोरून पाण्याचा फवारा मारला जात होता.

पण हवा ढकलणारा ब्लोअर कॉइलच्या मागे असतो. खालच्या तोंडातली हवेची दिशा वळवणारी पाती हाताने वर करून टॉर्च आत मारला की त्याची लांब दंडगोल चक्री दिसते, तिच्यावर बारीक वळणदार पात्यांची रांग. पात्यांचा आतला खोलगट भाग मळाने भरला होता, काही ठिकाणी दोन पात्यांमधली फटच बुजलेली. या चक्रीचं सगळं काम पात्याच्या वळणावर चालतं. वळण भरलं की चक्री तेवढ्याच वेगाने फिरते, आवाजही तसाच येतो, फक्त हवा ढकलली जात नाही. पंखा फिरतोय आणि आवाज येतोय म्हणजे हवा येतेय असं गृहीत धरलं की हा बिघाड दिसतच नाही. ब्लोअर मोटरचा कपॅसिटर (मोटर चालायला मदत करणारा विजेचा भाग) काढून मोजला, तो छापील आकड्याच्या जवळ होता. वेगही बरोबर होता. दोष फक्त मळाचा.

जाळी स्वच्छ असताना मळ आत कसा गेला, हे काकूंनी विचारलंच. जाळी विणलेली असते, ती धागे, केस, कापसासारखी धूळ अडवते. पिठासारखी बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते, ओल्या कॉइलमागच्या दमट हवेत चिकट होते आणि पात्यांवर बसत जाते. थर चढायला वर्षं लागतात, म्हणून फरक रोज जाणवत नाही.

तरीही एक कोडं उरत होतं. असं होऊ नये म्हणून मशीनमध्येच सोय असते. कॉइलच्या तांब्याच्या नळीवर एक छोटा खिसा डागलेला असतो, त्यात तापमानाचा सेन्सर खोचलेला असतो. कॉइल गोठण्याच्या बेताला आली की तो पीसीबीला, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, कळवतो आणि कॉम्प्रेसर काही वेळ थांबतो. मग इथे बर्फ धरेपर्यंत कॉम्प्रेसर चालतच कसा राहिला?

सेन्सर खिशात नव्हताच. वायरला लोंबकळत कॉइलच्या बाजूला हवेत होता आणि तिथलं तापमान कॉइलपेक्षा बरंच जास्त. मोजला तर सेन्सर उत्तम: २५ अंशांना १० किलो-ओम, बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर जवळपास तिप्पट. कधी निसटला असेल सांगता येत नाही. माझा तर्क एखाद्या वर्षीच्या फवाऱ्याच्या सर्व्हिसिंगवर आहे. खिशातली पकड सैल होती आणि ती घट्ट करणारी तांब्याची पट्टी तिथे नव्हती. सेन्सर जागेवर असता तर बर्फ झालाच नसता. कॉम्प्रेसर मध्येच बंद होतो, अशी तक्रार आली असती आणि शोध कदाचित पीसीबीकडे वळला असता.

ब्लोअरची चक्री बाहेर काढली. मोटरच्या टोकाला एक स्क्रू असतो तो सैल करून, दुसऱ्या टोकाचं बेअरिंग सांभाळून. जागेवरच पिशवी बांधून धुतात तेही चालतं, पण इतका सुकलेला मळ फवाऱ्याने पूर्ण निघत नाही आणि एका बाजूला राहिलेल्या मळाने चक्री हलायला लागते. कॉइलची मागची बाजू, पाण्याचा ट्रे आणि ड्रेन पाइप त्याच वेळी धुतले. भिंतीवर टपकणारं पाणी ड्रेन तुंबल्यामुळे नव्हतं. बर्फ वितळताना त्याचं पाणी ट्रेच्या बाहेर पडत होतं. सेन्सर नव्या पट्टीने खिशात बसवला. हवा मोजली: तासाला ८२५ घनमीटर.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, बाहेर ४० अंश असताना, एसी दीड तास चालून बंद पडला. म्हणजे घरातला पंखा चालू, हवा येतेय, पण बाहेरचा कॉम्प्रेसर थांबलेला. जवळजवळ तासाने पुन्हा आपोआप सुरू झाला.

हा बिघाड आधी नव्हता, निदान दिसला नव्हता. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. मशीनच्या माहितीच्या प्लेटवर ७.५ अँपिअर लिहिलं होतं, मशीन ९.४ ओढत होतं. कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या कॉइलची, जाळी स्वच्छ, बाहेरचा पंखा नीट, गरम हवा परत आत ओढली जात नव्हती, कॉम्प्रेसरचा कपॅसिटर ठीक, व्होल्टेजही बरोबर. एवढं तपासल्यावर संशय एकाच गोष्टीवर उरतो: मशीनमध्ये गॅस जास्त झाला होता. ओव्हरलोड संरक्षण कॉम्प्रेसर तापला की सर्किट तोडतं आणि तो निवल्यावर जोडतं, म्हणून तासाभराचा खेळ.

दोन वेळा गॅस भरल्यावर काही दिवस आराम का पडला, तेही यातूनच उलगडतं. कॅपिलरीच्या मशीनमध्ये गॅसचं प्रमाण काटेकोर असतं, कारण कॅपिलरी म्हणजे ठरावीक लांबीची बारीक नळी. तिला उघडझाप करता येत नाही. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त गॅस भरला की दोन्ही बाजूंचा दाब चढतो. घरातल्या कॉइलचा दाब चढला म्हणजे तिचं तापमानही चढलं, काही अंश शून्याच्या वर सरकलं. बर्फ धरायला उशीर झाला. चुकीच्या उपायाने खरोखर गुण आला आणि म्हणून तो दुसऱ्यांदाही केला गेला. ब्लोअर भरलेला असेपर्यंत कॉइलला उष्णताच कमी मिळत होती, त्यामुळे बाहेरच्या कंडेन्सरवरही पुरता भार येत नव्हता आणि जास्तीचा गॅस खपून जात होता. हवा मोकळी झाल्यावर तो भार एकदम वाढला.

अशा वेळी थोडा गॅस हवेत सोडून काटा जागेवर आणणारे खूप आहेत. मी ते करत नाही. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, हवामान तापवण्याची त्याची ताकद त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरली जाते, आणि अंदाजाने भरलेलं अंदाजाने काढलं तर शेवटी किती उरलं ते कळतच नाही. रिकव्हरी मशीनने सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढला, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून. निघाला १,०३० ग्रॅम. प्लेटवर लिहिलेलं प्रमाण ८०० ग्रॅम. पाइप चार मीटरचा, म्हणजे कारखान्यातून आलेल्या भरणीतच बसणारा. लांबीसाठी वेगळा गॅस घालायचं कारण नव्हतं.

रिकामी झालेली नळी आयतीच हाती होती, म्हणून नायट्रोजन भरून रात्रभर दाबाखाली ठेवली. तापमानाचा फरक धरून दाब जागच्या जागी. गळती नव्हती. गॅस कधी कमी झालाच नव्हता, याला एवढा पुरावा पुरे. मग व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (निर्वात दाब मोजायचं एकक) खाली नेऊन, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते पाहून, ८०० ग्रॅम वजन करून भरला. आर-३२ एकाच घटकाचा असल्याने त्यात मिश्रण बिघडण्याची भानगड नाही. आर-४१०ए असता तर सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागला असता.

नंतरचे आकडे: आत जाणारी हवा २८, बाहेर येणारी १७, फरक ११. दाब १२५ पीएसआय. तशाच उन्हात करंट ७.२ अँपिअर. ८२५ घनमीटर आणि ११ अंश म्हणजे नुसती हवा गार करण्याचे ३ किलोवॅट, शिवाय बाष्पाचं काम वेगळं. तोंडाशी हात धरला तर आता हवा पूर्वीइतकी बोचत नाही आणि काकूंना सुरुवातीला तीच काळजी वाटली. अर्ध्या तासात खोलीतल्या थर्मामीटरने ती मिटवली. रात्री सर्वांत हळू वेगावर चालवून पाहिलं, कॉइल ४ अंशांच्या खाली गेली नाही.

घरच्या घरी यातलं काय करता येतं? थर्मामीटरची तपासणी कुणालाही जमते. टॉर्चने ब्लोअर पाहणंही जमतं, फक्त आधी मेन स्विच बंद करायचा. कॉइलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा काही तास चालू ठेवायचा. चाकूने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडायला जाऊ नये, ॲल्युमिनियमच्या फिनमागची तांब्याची नळी फुटली की मग खरोखरच गॅस जातो. बर्फ असताना कूलिंग रेटत राहणंही वाईट, कारण न उकळलेला द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत येतो आणि त्याचं तेल धुऊन नेतो. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका भार राहू शकतो.

या कॉम्प्रेसरने बर्फाच्या त्या रात्रींत किती द्रव गिळला आणि त्याचं काही नुकसान झालं का, हे आज सांगता येत नाही. आवाज आणि करंट सध्या निर्दोष आहेत. म्हणून ११ अंशांचा फरक, ७.२ अँपिअर आणि ८०० ग्रॅम हे आकडे मार्करने इनडोअर युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत. पुढचा मेकॅनिक गॅस कमी आहे म्हणाला, तर काकू आधी ते झाकण उघडून दाखवणार आहेत.